रवळनाथापुढचा नारळ आणि सहा पराभव

बनेद अल-गार, कुवेत
मंगळवार

तीर्थस्वरूप शत्रुघ्नमामांस,

तुमचा कुवेतचा भाचा उदय याचा साष्टांग नमस्कार. मी, रसिका आणि नीरज, आम्ही तिघे इकडे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? (मी सांगितलेले व्यायाम तुम्ही करत नाही, हे मामी मी न विचारताच मला कळवते. भाचा फिजिओथेरपिस्ट असून उपयोग काय?) हे पत्र मुद्दाम कागदावर लिहून त्याचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवतोय. फोनवर सांगितलेलं गाऱ्हाणं तुम्ही देवळाच्या पायरीपर्यंत जाताजाता निम्मं विसरता, असा माझा आता पक्का संशय आहे.

आठवतं ना, ऑक्टोबरात मी काय सांगितलं होतं? नीरजने कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात नाव दिलं, तेव्हा मी तुम्हाला रवळनाथापुढे नारळ ठेवायला सांगितला. तुम्ही ठेवलात, व्हिडिओही पाठवलात. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या संघाक यश दी आणि कोणाक धक्को लागाक देव नको." मागून चार जणांचं "व्हय म्हाराजा"सुद्धा स्पष्ट ऐकू आलं. देवाचा शब्द कुवेतपर्यंत चालतो का, असं मी भीतभीत विचारलं, तर तुम्ही मलाच झापलंत, "देवाक व्हिसो लागना नाय!"

मामा, सहा सामने झाले. सहाही हरलो. दुखापत मात्र एकालाही नाही. म्हणजे अर्धं गाऱ्हाणं पोचलं आणि अर्धं वाटेत सांडलं, याला काय म्हणायचं? मी हौसेने संघाचा फिजिओ झालो. चिकटपट्ट्यांचे बारा डबे, बर्फाची पेटी, स्प्रे, सगळं घेऊन दर शुक्रवारी सकाळी अम्गराच्या भंगारवाड्यांमागच्या मैदानावर उभा राहतो आणि बर्फातलं लबान, म्हणजे इथलं ताक, पिऊन घरी येतो. लागणार कुणाला? आमच्याजवळ चेंडूच येत नाही, तर आम्हाला पाडायला कोण कशाला येईल!

पहिला सामना अठ्ठेचाळीस-शून्य. दुसऱ्यात तल्हाने (हा कराचीचा, आयुष्यभर क्रिकेट खेळलेला) गर्दीत उडी मारून काय सुंदर झेल घेतला म्हणून सांगू! आणि झेल घेतल्यावर आपण जे करतो तेच केलं, आनंदाने चेंडू आभाळात उडवला. या खेळात चेंडू छातीशी धरून पळायचं असतं, मामा. चेंडू खाली आला तो समोरच्याच्या हातात, आणि तो पळाला. तिसऱ्या सामन्यात धुळीचं वादळ आलं आणि खेळ थांबला तेव्हा आम्ही फक्त सहाच गुणांनी मागे होतो. त्या आनंदात कॅप्टन फैसलने सगळ्यांना बकलावा वाटला. (मुलगा सोन्यासारखा आहे, पण हरल्यावर बकलावा? देवाने एवढंही समाधानी करू नये माणसाला.) चौथ्यात आमची माणसं कमी पडली म्हणून समोरच्यांनी दया येऊन एक खेळाडू उसना दिला. आमचे या हंगामातले एकमेव सहा गुण त्याचे आहेत. पाचवा आणि सहावा मी सांगत नाही. तुम्हाला ब्लडप्रेशर आहे.

आता नीरज. त्याचं काम म्हणजे लांब पळत जायचं, हात वर करायचा आणि फेकलेला चेंडू झेलायचा. तो पळतो, हात वर करतो. चेंडू तिथवर कधी पोचतच नाही. सहा सामन्यांत एकदाही त्याच्या हाताला चेंडू लागलेला नाही. काही बोलायला जावं तर म्हणतो, "बाबा, इट्स अ प्रोसेस." आणि वर नवं खूळ असं की, सामना संपला की हेल्मेट काढतच नाही. गाडीत माझ्या शेजारी तसाच बसतो, थेट घराच्या लिफ्टपर्यंत. सिग्नलवर शेजारच्या गाड्यांतली माणसं काचा खाली करून बघतात. मी दर वेळी ओरडतो, तरी ऐकत नाही. आमच्या वेळी असं केलं असतं तर तुम्ही कानाखाली वाजवली असती.

शेवटचा सामना या शुक्रवारी आहे. कॉलेजने स्पष्ट सांगितलंय, एक तरी जिंका, नाहीतर संघ बंद. तेव्हा एकदा नीट आठवून सांगा, तुम्ही देवाला नक्की काय म्हणालात? व्हिडिओनंतर आणखी काही बोललात का? मामीला नमस्कार.

तुमचा भाचा,
उदय

ता. क. पत्र रसिकाला वाचायला दिलं. वाचून झाल्यावर तिने कबुली दिली. माझ्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी तिने तुम्हाला फोन करून पाच नारळ ठेवायला लावले म्हणे, संघ हरू दे आणि कायमचा बंद पडू दे म्हणून! (ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते, रोज मोडक्या माना बघते, ते मला कळतं.) पण मामा, तुम्ही? एकाच देवापुढे दोन्ही गाऱ्हाणी घातलीत? आणि वर मला व्हिसा शिकवलात? माझ्या एका नारळाचं तिच्या पाचांपुढे काय चालणार होतं!

ता. क. २. गेल्या शुक्रवारी रसिका पहिल्यांदाच मैदानावर आली होती. परतताना मागच्या सीटवर होती. हेल्मेटचं तिने मला आत्ता सांगितलं. तो आत रडत असतो. मी शेजारी बसून सहा शुक्रवार त्याच्यावर ओरडत होतो, आणि मला कळलं नाही. मला फार वाईट वाटतंय, मामा. पत्रात वर जे काही लिहिलंय ते सगळं सोडा. उद्या सकाळी आंघोळ करून देवळात जा आणि रसिकाचं गाऱ्हाणं मागे घ्या. जिंकणं देवाची मर्जी. एक चेंडू त्याच्या हातात पडू दे, एवढं मागा.

ता. क. ३. मामा, मी रसिका. यांना पाच सांगितले, पण नारळ अकरा होते हे तुम्हाला माहीत आहेच. ते देवालाच राहू देत, मी वर आणखी अकरा देते. माझं सगळं मागे घ्या. फक्त यांच्या गाऱ्हाण्यातलं ते "कोणाक धक्को लागाक देव नको" तेवढं तसंच ठेवा.