चार नंबरच्या बोअरचं पाणी

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू माझे फोन उचलत नाहीस आणि कचेरीच्या पत्रांना तुझा शिपाईसुद्धा उत्तर देत नाही, म्हणून हे घरच्या पत्त्यावर. तू राज्याच्या खनिज खात्याची संचालक आणि मी तुझ्याच हाताखालचा जिल्हा भूवैज्ञानिक, याचं आईला काय ते कौतुक. मला नाही.

खाणींच्या लिलावाच्या यादीत तू आमच्या टेकडीचा चुनखडीचा पट्टा घातला आहेस. तिथल्या चार नंबरच्या बोअरमध्ये अठरा ते बावीस मीटरवर दगड निघालाच नाही. आत पोकळी आहे. नमुन्यांच्या पेटीत तेवढी जागा सोडून मी लाकडी ठोकळा ठेवला होता, आपल्या सगळ्यांच्या पद्धतीप्रमाणे. तुझ्या हुशार माणसांनी अहवालात तो ठोकळा गिळला आणि दगड सलग दाखवला. पायथ्याच्या झऱ्याला पाणी त्याच पोकळीतून जातं, आणि त्या झऱ्यावर चार वस्त्या आणि एक दवाखाना जगतो. खाणीचे सुरुंग त्या पोकळीपर्यंत पोचले की झरा संपला. पट्टा यादीतून काढ.

तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. आईचे गुडघे फार दुखतात. तुला विचारायला सवड नसेल, म्हणून कळवतो.

कळावे. लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.
तुझा भाऊ


९ मार्च

चि. धोंड्यास,
अ. उ. आ.

लहानपणी खिसे फाटेपर्यंत धोंडे भरून आणायचास म्हणून आम्ही तुला हे नाव ठेवलं. अजूनही तू तेच करतोस, फक्त आता सरकारी जीप लागते.

ठोकळा कोणी गिळला नाही. मीच काढायला सांगितला. आठ वर्षांपूर्वी असाच एक ठोकळा घालून तू पोकळी पोकळी म्हणून बोंब मारलीस. तुझ्या शब्दावर मी सचिवांशी भांडले, पट्टा मागे घेतला. मग शेजारी दुसरं बोअर मारलं तर दगड अखंड! ड्रिलचं टोक झिजलं होतं, दगडाचा भुगा होऊन वाहून गेला होता, आणि तू गुहा बघत बसला होतास. माझी बढती चार वर्षं अडली. तेव्हाच मी कानाला खडा लावला.

माझ्या हाताखाली साठ भूवैज्ञानिक आहेत आणि प्रत्येकाला आपली टेकडी जगावेगळी वाटते. यादीवर मी २१ तारखेला सही करणार. तोवर सिद्ध करून दाखव. बोअरमध्ये रंग सोड, झऱ्यात उतरतो का बघ. किती दिवस थांबायचं ते तूच ठरव, म्हणजे नंतर माझ्या नावाने खडे फोडायला नकोत.

आईच्या गुडघ्यांचं औषध दर महिन्याला कोण पाठवतं, ते एकदा तिला विचार.

आशीर्वाद आहेतच, ते मागे घेता येत नाहीत.
ताई


१८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

१४ तारखेला सकाळी रंग सोडला आणि वरून दोन टँकर पाणी ओतलं. उतार आणि अंतर बघून तीन दिवस पुरेत, असं माझं गणित होतं. मी आणि ड्रिलवाले काका आळीपाळीने झऱ्यावर बसलो. दर तासाला बाटली भरली, उन्हात धरून पाहिली. आज चौथा दिवस संपला. पाणी नितळ आहे.

लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. पोकळीतलं पाणी झऱ्याला जात नाही. तुझं बरोबर. हस आता पोटभर.

औषधाचं आईला विचारलं. त्याबद्दल चूक झाली.

तुझा भाऊ


२२ मार्च

चि. धोंड्यास,
अ. उ. आ.

यादी काल सही होऊन गेली. तुझं पत्र तुझ्या कचेरीच्या अहवालाआधी पोचलं, त्याच्याच भरवशावर सही केली. एकदा तरी सरळ लिहिलंस.

पण दोनदा तोंडघशी पडलेल्या माणसाला मी जिल्हा देऊन ठेवू शकत नाही. १ तारखेपासून तू पेट्यांच्या गोदामात. आदेश वेगळा येईल. रडगाणं आईकडे गाऊ नकोस, ती मला फोन करते आणि माझी सभा मोडते.

ताई


२३ मार्च

ताई,

नमस्काराला वेळ नाही. आज नवव्या दिवशी दवाखान्याच्या नर्सबाईंनी मला बोलावून घेतलं. टाकीत हिरवं पाणी. झऱ्यावर गेलो तर झराही हिरवागार. रंगाने अपाय होत नाही हे सांगेपर्यंत लोक माझ्या अंगावर धावून आले होते.

पाणी सरळ उताराने येईल असं मी धरलं होतं. ते आत कुठेतरी साचलं, आणि ती जागा भरल्यावर ओसंडून बाहेर आलं. गणित माझं चुकलं, ठोकळा नाही. तो मी बरोबर ठेवला होता.

बोली २ एप्रिलला उघडणार. तोवर पट्टा मागे घेणं तुझ्या हातात आहे. घेतला नाहीस तर सीलबंद बाटली घेऊन मी वर्तमानपत्राकडे जाईन. बहीण म्हणून गय करणार नाही.

भाऊ


२७ मार्च

चि. धोंड्यास,
अ. उ. आ.

पट्टा आज दुपारी मागे घेतला.

सही झालेल्या यादीतला पट्टा काढायचा तर कारण आणि पुरावा जोडावा लागतो. कारण मी खरं लिहिलं. जिल्हा भूवैज्ञानिकाने ठेवलेला ठोकळा संचालकांनी जुन्या रागातून काढला, आणि त्याच भूवैज्ञानिकाने घाईने झऱ्याला धोका नाही असं कळवलं. पुरावा म्हणून तुझी पत्रं जोडली आहेत, शिव्यांसकट. माझी दोन तुझ्याकडे आहेत. उद्या माणूस येईल, त्याच्याकडे दे. चौकशी दोघांची होईल. मी बहुतेक खुर्ची सोडेन. तू गोदामातून कधी सुटशील ते आता दुसरं कोणीतरी ठरवील. आईला काय सांगायचं ते तुझं तू बघ.

माफी मागत नाही, तूही मागू नकोस. चौकशीच्या दिवशी माझ्या शेजारी बसलास तरी बोलू नकोस.

पण एक लिहिते. परवा तुझं २३ तारखेचं पत्र हातात पडलं तेव्हा दार लावून ते मी फाडायला घेतलं. अर्ध्यापर्यंत फाटलं. फायलीत ते चिकटवून लावलं आहे. कोणी विचारलं तर मला वाचवायला, फाटकंच पाठवलं होतं असं सांगू नकोस.

लोभ ठेव असं लिहायची सवय आहे, म्हणून लिहिते.
ताई