उष्टं न लागलेला हात

अव्वा,

गेल्या सोमवारी नायगावला एका मुलीचा डावा हात उघडला, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतं आहे. आज रविवार, दुपारची वेळ, नांदेडच्या माझ्या खोलीत मी एकटी. 'अव्वा' हा शब्द कागदावर लिहिला आणि थोडा वेळ त्याच्याकडेच बघत बसले. इथे कोणाला तुझ्याबद्दल सांगायचं झालं तर मी 'आई' म्हणते, कारण 'अव्वा' म्हटलं की लोक विचारतात, तुम्ही कर्नाटकातल्या का, आणि मग जळकोट कुठे आहे, आपल्याकडे अर्ध्या शब्दांना कानडी वास कसा, हे सगळं समजावून सांगायचा मला कंटाळा येतो. तू गेलीस त्याला वीस-बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हा शब्द मोठ्यानं उच्चारायची वेळ माझ्यावर आलेली नाही.

मी काय शिकत होते हे तुला कधीच नीट कळलं नाही. 'ऑक्युपेशनल थेरपी' हे तुझ्या जिभेवर कधी बसलं नाही, आणि मीही समजावून सांगताना लवकर चिडायचे. शेवटी तूच तोडगा काढलास. गल्लीत कोणी विचारलं की सांगायचीस, "पोरगी माझी हाताची डाक्टर हाय." मला लाज वाटायची, कारण मी डॉक्टर नव्हते आणि नुसत्या हाताचीही नव्हते. आता वाटतं, तुझ्याइतक्या थोडक्यात मलाही ते कधी सांगता आलेलं नाही. हल्ली सोमवारी नायगाव, गुरुवारी बिलोली, उरलेले दिवस नांदेड. ज्या मुलांचं शरीर किंवा बुद्धी इतरांसारखी चालत नाही, ती शाळेत टिकावीत म्हणून मी त्यांना शर्टाची गुंडी लावायला शिकवते, पेन्सिल धरायला, चप्पल घालायला, डबा उघडायला. नायगावला शाळेची एक जुनी वर्गखोली दिली आहे. अर्ध्या खोलीत मोडके बाक रचून ठेवलेत, उरलेल्या अर्ध्यात माझी सतरंजी, मोठा चेंडू, कपड्यांचे चिमटे आणि मण्यांचे डबे. या कामाचं दुसरं माणूस आसपास कुठे नाही. एखादं मूल अडलं तर कोणाला विचारावं असा प्रश्न पडतो, आणि संध्याकाळच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून मीच मला विचारत बसते.

तर ही मुलगी. नऊ-दहा वर्षांची, बोलायला तरतरीत, जन्मापासून डावी बाजू अधू. पाय ओढत का होईना चालते, पण डावा हात छातीशी दुमडलेला आणि मूठ गच्च. घरचं किराणा दुकान आहे. तिची आई दर सोमवारी दुकान नवऱ्यावर सोपवून तिला घेऊन येते आणि भिंतीला टेकून, पदर सावरून, परीक्षेला बसल्यासारखी बसते. मी तिला आमच्या कामातली एक रीत सांगितली. चांगला हात रोज दोनेक तास बांधून ठेवायचा, म्हणजे नाइलाजानं का होईना, दुबळा हात पुढे येतो. उजव्या हातासाठी मी जाड कापडाची पिशवी शिवून दिली. सांगितलं की दुपारच्या जेवणाला पिशवी घाला आणि तिला डाव्या हातानं खाऊ द्या, कितीही सांडू द्या, भूक ही सगळ्यात मोठी मास्तरीण असते. एक तक्ता दिला. ज्या दिवशी केलं त्या दिवशी बरोबरची खूण.

दीड महिना तक्ता खुणांनी भरून येत होता आणि मूठ होती तशीच. आठ दिवसांच्या मेहनतीनंसुद्धा थोडा फरक पडायला हवा होता. मला राग यायला लागला, आणि माझा राग तुला माहीत आहे, तो आधी आवाज बारीक करतो. एका सोमवारी मी केळं सोललं, मुलीच्या उजव्या हाताला पिशवी घातली आणि म्हटलं, खाऊन दाखव. ती आईकडे बघायला लागली. आईनं मान खाली घातली. मी बारीक आवाजात विचारलं, की तक्त्यावरच्या खुणा खोट्या आहेत का. तेव्हा ती बाई हळूच म्हणाली, "खोटं नाही मॅडम, हात रोज बांधला. पण घास मीच भरवला. तिला दीक्षा द्यायची हाय, त्या हातावर लिंग घ्यायचंय. त्याला उष्टं कसं लावू?"

अव्वा, माझ्या हातात ते सोललेलं केळं तसंच राहिलं. ही चूक दुसऱ्या कोणत्याही थेरपीवालीनं केली असती तर मी समजू शकले असते. तिला काय माहीत, लिंगायताच्या घरात डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून पूजा करतात म्हणून. पण मी? मी तुझ्या घरात वाढले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

जळकोटचं आपलं स्वयंपाकघर. मी पाच वर्षांची आहे आणि जन्मापासून डावरी आहे. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, माझ्यापुढे ताटलीत वरण-भात, आणि माझा डावा हात हिरव्या काठाच्या पट्टीनं फ्रॉकच्या पट्ट्याला बांधलेला. जुन्या लुगड्याचा काठ फाडून तू ती पट्टी केली होतीस. मी रडते आहे, उजव्या हातातून भात गळतो आहे, आणि तू मागे न बघता म्हणतेस, "डाव्याला उष्टं लावू नगं गं. तो लिंगाचा हात हाय." रोज दोन्ही वेळेला. आणि रोज सकाळी, तोच हात तू आपल्या हातात घ्यायचीस, कोमट पाण्यानं धुवायचीस, बोट न् बोट पुसायचीस, आणि तळहात सपाट करून त्यावर माझं एवढंसं लिंग ठेवायचीस. "हलवू नगं," म्हणायचीस. मी श्वास रोखून बसायचे. पुढे कॉलेजात गेल्यावर मी हात बांधण्याची गोष्ट मैत्रिणींना सांगितली, सरांना सांगितली, एकदा वर्गापुढेही सांगितली. अडाणी आयांचा नमुना म्हणून. सकाळच्या कोमट पाण्याचं मात्र कधी कोणाला सांगितलं नाही.

त्या सोमवारी मी मुलीच्या उजव्या हाताची पिशवी उतरवली, केळं त्याच हातात दिलं आणि तिच्या आईची माफी मागितली. ती इतकी संकोचली की उठूनच उभी राहिली. मग नीट बोलणं झालं. धाकट्या बहिणीची दीक्षा झाली होती. हिच्यासाठी स्वामी म्हणाले होते, उजव्या हातावर घेतलं तरी चालतं, देवाला दोन्ही हात सारखे. घरचे तयार होते. पण मुलगीच अडून बसली होती. "मला डाव्यावरच पायजे," ती मला म्हणाली, "धाकटीनं डाव्यावरच घेतलं." एवढ्या वर्षांत एखाद्या मुलानं आपल्या अधू हातासाठी इतकं स्पष्ट मागणं केलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि तळहात वर करून, उघडा, स्थिर धरणं ही तर अशा हातासाठी सगळ्यात अवघड गोष्ट. जे मी चेंडू आणि मण्यांनी करू बघत होते, ते तुम्ही बायका पिढ्यान् पिढ्या रोज सकाळी करत आल्या आहात.

पिशवी काढून टाकली. जेवण उजव्या हातानं, त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही. सकाळी आई पूजेला बसली की मुलीनं शेजारी बसायचं, आधी डावा तळहात जमिनीवर टेकवून त्यावर भार द्यायचा, मग हात कोमट पाण्यानं धुवायचा. मूठ उघडायची रीत मी आईला शिकवली. बोटांशी झोंबायचं नाही. मनगट आतल्या बाजूला वाकवायचं, म्हणजे बोटं आपोआप सैल पडतात, मग अंगठ्याच्या बाजूनं हलकेच उघडायचं. हे पहिल्याच वर्षी शिकवतात, यात विद्या अशी काही नाही. मग तळहातावर लिंबू. चार महिने लिंबं गडगडत राहिली. गेल्या सोमवारी ती आली, सतरंजीवर मांडी घालून बसली, आणि मला म्हणाली की मदत नको. डावा हात मांडीवर आला, हळूहळू वळला, बोटं एकेक करून सुटली. तिनं उजव्या हातानं लिंबू त्यावर ठेवलं, फुलपात्रातून पाणी घातलं, वर झेंडूची एक पाकळी ठेवली. पाणी माझ्या तक्त्यावर गेलं. लिंबू पडलं नाही. तिची आई भिंतीशी बसून रडत होती. मला रडता येईना, कारण मी तिच्या हाताकडे बघत होते आणि मला तुझा दिसत होता.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. हे पत्र त्या मुलीचं नाही.

तुझ्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. डावी बाजू गेली. मी धावत आले, वहीत चित्रं काढून व्यायाम लिहून दिले, वहिनीला दाखवले आणि परीक्षेसाठी परत गेले. फोनवर विचारायचे, करतेस का? तू म्हणायचीस, करते की. तुझ्याही तक्त्यावर सगळ्या बरोबरच्या खुणा. दिवाळीला आले तर मूठ गच्च मिटलेली, नखं तळव्यात रुतलेली. वहिनीला दोन लेकरं, शेतावरची माणसं. तू तिला त्रास दिला नव्हतास आणि मला परीक्षेत घोर नको म्हणून खोटं बोलली होतीस. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसलं, की मी सांगितलेलं कोणी ऐकलं नाही. सकाळी आंघोळ झाल्यावर तू लिंगाची डबी माझ्यापुढे सरकवलीस. "जरा उघडून देतीस का गं मूठ? लिंग ठेवते." आणि मी म्हणाले, "रोज व्यायाम केला असतास तर आपोआप उघडली असती." लिंग ताटलीत ठेवलंस आणि उजव्या हातानं पूजा केलीस. मी आठ दिवस घरी होते, तू पुन्हा मागितलं नाहीस. दोन मिनिटांचं काम होतं, अव्वा.

त्यानंतर महिन्याभरात तू गेलीस. आपल्यात बसवून पुरतात तसं तुला बसवलं होतं, कपाळभर विभूती, आणि रितीप्रमाणे डाव्या हातात लिंग द्यायचं होतं. मूठ उघडेना. काकूनं बघितलं, शेजारणीनं बघितलं. मग कोणीतरी म्हणालं, "पोरगी हाताची डाक्टर हाय की, तिला बोलवा." सगळ्यांनी वळून दाराकडे बघितलं. मी दारात उभी होते. मी म्हणाले, "आता उघडणार नाही." माझ्यावर सगळ्यांचा विश्वास बसला, शिकलेली होते ना. तुझ्या लुगड्याचा काठ फाडून त्यांनी लिंग तुझ्या मुठीवर बांधलं आणि तुला तसंच मातीत बसवलं.

ती मूठ उघडली असती की नाही, मला माहीत नाही. मी हात लावून पाहिलाच नव्हता. मनगट वाकवायला तुझा हात हातात घ्यावा लागला असता, आणि तळव्यातल्या नखांच्या खुणा सगळ्यांसमोर मला दिसल्या असत्या. दादाला आजही वाटतं, की मी बघूनच सांगितलं होतं.

मुलीची दीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तिच्या आईनं आग्रहानं बोलावलं आणि सहज विचारलं, तुमचं लिंग घरी असतं का मॅडम, गळ्यात दिसत नाही. मी हो म्हणाले. ते खोटं नव्हतं, सुई-दोऱ्याच्या डब्यात होतं, तू गेल्यापासून. आज सकाळी काढलं. हात कोमट पाण्यानं धुतला आणि तळहातावर ठेवलं. पाणी घातल्यावर पुढे काय करायचं ते आठवेना, म्हणून नुसतीच बसले, न हलवता.

हे पत्र घडी करून त्याच डब्यात ठेवीन. एक सांगायचं राहिलं. तू गेल्यापासून मी एकटी असले की डाव्या हातानं जेवते, आणि मी बहुतेक वेळा एकटीच असते. आज उजव्या हातानं जेवले. बघायला कोणी नव्हतं, म्हणून तुला सांगते.