होडीची कुंडी होणार नाही

त्साव्ताट, २७ जून

आदरणीय बार्बा त्रिपो,

सादर नमस्कार. आधी दुरुस्ती, मग क्षेमकुशल. (हा क्रम उलटा आहे हे मला कळतं. पण चूक तशीच ठेवून तुमच्या गुडघ्याची चौकशी केली, तर ती चौकशीही खोटी वाटायला लागते.) मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मेरीमातेच्या बेटापाशी आमची सहलीची बोट वाऱ्यामुळे अडकून पडली. त्या दिवशी वारा नव्हता. तुम्ही दिवसभर खिडकीत बसून पाणीच बघता, तेव्हा पत्र वाचून "कुठला गं वारा?" असं तेता फिलोमेनाला नक्की म्हणाला असाल. पाणी तेलासारखं सपाट होतं. बोट थांबली ती माझ्यामुळे. ते वाक्य कृपया खोडावं, पण एकाच रेघेनं, खालचं वाचता येईल असं. चुकलेलं असंच खोडायचं असतं, हे तुम्हीच मला शिकवलं आहे.

आता क्षेमकुशल. गुडघा कसा आहे? जिना चढताना जास्त दुखतो की उतरताना? (आईच्या मते या दोन्हींची औषधं वेगळी. आईला औषधातलं काही कळत नाही, पण तिनं विचारायला सांगितलं म्हणून विचारते.) तेताचा रक्तदाब कसा आहे? तिला सांगा, तिनं पाठवलेला आणि शेजारच्या निकोनं त्याच्या बोटीत माझ्या हातात दिलेला बदामाचा केक सीमेवर कोणी उघडला नाही, आणि मी त्यातला अर्धा आईला दिला. अर्ध्याहून जरा कमी. आई बरी आहे. हॉटेलातला मोसम सुरू झाल्यामुळे चादरी बदलून बदलून तिचे पाय सुजतात आणि ती सुजले नाहीत म्हणते.

मला नोकरी लागल्याचं तुम्हाला माहीत आहे. नोकरी कसली, ते मी मोघम ठेवलं होतं. दुब्रोव्निकच्या एका सहल कंपनीची 'एका दिवसात दोन देश' अशी सहल असते. सकाळी बसनं निघायचं, सीमा ओलांडून तुमच्या देशात यायचं, आपल्या खाडीत बोटीतून फिरायचं, कोतोरला जेवायचं आणि अंधार पडायच्या आत परत. मी त्यातली सोबतीण. सोबतिणीनं मिटलेली पिवळी छत्री उंच धरून पुढे चालायचं, माणसं मोजायची आणि सीमा ओलांडली की गप्प बसायचं. पलीकडे बोलण्याचा परवाना तिकडच्या वाटाड्याचा. मी फक्त "इथे पायरी आहे" आणि "स्वच्छतागृह डावीकडे" एवढंच बोलायचं. म्हणजे बघा बार्बा, ज्या पेरास्तमध्ये मी बोलायला शिकले तिथे मला बोलायची परवानगी नाही. आई हॉटेलात आणि मी आठ वर्षांची होईपर्यंत तुमच्याकडे; काकाला बार्बा आणि काकूला तेता म्हणायची सवय तिथलीच. तेतानं प्रार्थनेच्या पुस्तकावरून अक्षरं शिकवली, तुम्ही दोरीच्या गाठींवर बेरीज-वजाबाकी. मग इथल्या शाळेत बाईंनी पहिल्याच दिवशी मला डावी बाजू दाखवायला सांगितली, तर मी दक्षिणेकडच्या वाऱ्याचं नाव सांगितलं, आणि वर्ग वर्षभर मला 'कप्तान' म्हणत होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाऱ्याचं नाव बरोबर होतं.

तर त्या दिवशीची पहिली भानगड सीमेवरच झाली. अधिकारी बसमध्ये चढला आणि जांभई देत म्हणाला, "काही जाहीर करायचंय?" सगळे नाही म्हणाले. मला विचारलं, तेव्हा मी हो म्हणाले. आमचा ड्रायव्हर बाल्दो दर फेरीला हेर्सेग नोवीच्या वहिनीसाठी सीटखाली कॉफीचं पोतं नेतो, आणि मला त्यावर पाय ठेवून बसावं लागतं, म्हणजे ते मला माहीत नाही असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? मग सगळ्यांना खाली उतरवलं. सामान उघडलं. प्रत्येकाच्या पिशवीतून हॉटेलच्या नाश्त्याची उकडलेली अंडी आणि रुमालात बांधलेले सँडविच निघाले आणि ते एका लांब टेबलावर ओळीनं मांडले गेले, जणू कोणाचं बारसं आहे. अधिकाऱ्यानं शेवटी काहीच घेतलं नाही. बाल्दोला एवढंच म्हणाला, "वहिनीला सांग, एवढी कॉफी पिऊन माणूस झोपत नाही." बाल्दो बस सुरू करताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरी, तो प्रश्न नव्हता. ते 'काय, कसं काय' होतं." त्यानंतर तो कोतोर येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. (तिथे बोलला तो एवढंच की छत्री आरशासमोरून हलव.)

सीमेपलीकडे वाटाड्या चढला, नाव वुकोता. माणूस डोंगरातला, आडदांड, पायात बर्फातले बूट, आणि पाण्याला इतका भितो की बोटीत बरोब्बर मधोमध बसतो आणि तरंगणारं जाकीट मांडीवर घेऊन मांजरासारखं कुरवाळतो. स्वभावानं वाईट नाही. पण त्यानं माइक हातात घेतला आणि पहिल्याच वाक्यात आपल्या खाडीला फ्योर्ड म्हटलं. बार्बा, मी छत्रीचा दांडा चावला. फ्योर्ड हिमनदी खोदते आणि आपली खाडी म्हणजे बुडालेली नदी, हे तुम्ही मला सहा वर्षांची असताना ताटातल्या रश्श्यात पावाचे डोंगर करून दाखवलं होतं. वुकोतानं तो शब्द पेरास्त येईपर्यंत नऊ वेळा उच्चारला. मी मोजत होते. माझ्या शेजारी कॅनडाच्या हेझलबाई बसल्या होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला विचारलं, "तुला बरं नाही का?" मी म्हणाले, "स्वच्छतागृह डावीकडे."

पेरास्तला आम्ही निकोच्या बोटीत बसलो. तुम्ही खिडकीत दिसलात. मी हात हलवला नाही त्याचं कारण असं की मी हलवला असता तर मागच्या सगळ्यांनी हलवला असता, आणि तुम्हाला ते आवडत नाही. बेटाजवळ आल्यावर वुकोतानं दगडांची गोष्ट सुरू केली. ती त्यानं बरी सांगितली. हे बेट गावकऱ्यांनी दगड टाकून टाकून घडवलं, आणि दर बावीस जुलैला संध्याकाळी होड्या एका दोरीला बांधून, फांद्यांनी सजवून, गाणी म्हणत इथे आणतात आणि दगड पाण्यात सोडतात, इथवर ठीक. मग म्हणाला, होड्यांत फक्त पुरुष. का? तर बायका बसल्या तर गप्पा मारतील आणि दोरी तुटेल. सगळे हसले. (गेल्या वर्षी निको आणि त्याचा मेव्हणा पूर्ण रस्ताभर फुटबॉलवरून भांडत होते. दोरी तुटली नाही, मी किनाऱ्यावरून पाहिलं आहे.) आणि एवढं बोलून वुकोतानं बाकाखालून एक बादली काढली. बादलीत खडे. फोटोसाठी प्रत्येकानं एकेक टाकायचा. बार्बा, बसमधल्या सगळ्या बायकांनी टाकला. हेझलबाईंनी तर दोन पावलं मागे जाऊन, हात फिरवून असा टाकला की पलीकडच्या बोटीतले लोक वाकले. माझ्यापुढे बादली आली तेव्हा मी नको म्हणाले. दगड सोडायचा दिवस तो नव्हता, आणि खडे किनाऱ्यावरच्या रस्त्याच्या कामातले होते.

आणि मग त्यानं बोट दाखवलं. अंजिराच्या झाडाखाली उपडी घातलेली ती निळी होडी बघा, म्हणाला, म्हाताऱ्या कप्तान त्रिपोची. दोरीत तिची चौथी जागा. पण कप्तानाचा गुडघा गेला, एकुलता मुलगा हांबुर्गला, घरात आता कोणी उरलं नाही. तेव्हा या उन्हाळ्यात ती पेरास्तच्या एका हॉटेलच्या दारात कुंडी म्हणून उभी राहणार, जिरॅनियमची फुलझाडं लावून. आपल्या घरची ही बातमी मला अशी लाऊडस्पीकरवरून कळली, आधी इंग्रजीत आणि मग जर्मनमध्ये. जर्मनमध्ये जास्त वाईट वाटली.

मी माइक काढून घेतला. ओढला नाही. वुकोताचे दोन्ही हात जाकिटाला धरलेले होते, माइक मांडीवर होता, तो मी उचलला. मी म्हणाले, "घरात कोणी उरलं नाही हे चूक आहे. मी उरले आहे." आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबायचं कुठे हे मला कळेना. मी फ्योर्डपासून सुरुवात केली. मग तुम्ही होडीच्या फळ्या स्वतः कशा वाकवल्या, तो निळा रंग तेतानं का निवडला (धुक्यात तुम्ही घराकडे येताना तिला दिसावा म्हणून, हे तिनं तुम्हाला सांगितलं आहे की नाही मला माहीत नाही, नसेल तर माफ करावं), दगड कोण निवडतं, कोण धुतं, कोण पाण्यापर्यंत वाहून नेतं. निकोनं इंजिन बंद केलं, म्हणाला आवाजात ऐकू येत नाही. वुकोता रागावला नाही. "बोल बाई," म्हणाला, "मी तोवर सिगारेट ओढतो, आणि ते फ्योर्डचं पुन्हा एकदा सांग, माझी बायकोही तेच म्हणते." बोट थांबली ती ही. वारा नव्हता.

पुढचं थोडक्यात. वुकोतानं माझी तक्रार केली नाही. माझं कौतुक हेझलबाईंनी केलं. त्यांनी इंटरनेटवर पाच तारे देऊन लिहिलं की आमची वाटाडी तोंका अप्रतिम होती, तिनं सीमेपलीकडची सगळी माहिती तासभर दिली. (तासभर नाही, पाऊण तास.) म्हणजे मी परवान्याशिवाय बोलले याचा लेखी पुरावा, वर माझा फोटो, उघड्या तोंडाचा. आमच्या मालकीणबाई नीवेस यांनी मला बोलावून तो पुरावा दाखवला आणि म्हणाल्या, पलीकडच्या वाटाड्यांच्या संघाला माफीचं पत्र दे, नाहीतर ऑगस्टपर्यंत घरी बस. मी पत्र लिहायला बसले. "माझ्या बोलण्यात चुकीची माहिती गेली असल्यास" इथवर आले आणि थांबले, कारण गेली नव्हती. छत्री परत केली. मी ऑगस्टपर्यंत मोकळी आहे.

आता तुमचं म्हणणं मला इथे बसून ऐकू येतं. साडेपाचशे वर्षांत दोरीतल्या होडीत बाई बसली नाही. बरोबर. साडेपाचशे वर्षांत कोणी होडीत जिरॅनियमही लावले नव्हते. दगड तेतानं निवडायचा, तेतानं धुवायचा, तेतानं पाण्यापर्यंत आणायचा, आणि शेवटची वीतभर तेवढी पुरुषाच्या हातून गेली पाहिजे, हे मला कळत नाही. मी खूप प्रयत्न केला, रात्री दिवा लावून केला. बसमधून आलेल्या अकरा बायका कुठल्याही दिवशी रस्त्याचे खडे टाकू शकतात, समुद्र उसळत नाही, बेट बुडत नाही, मग ज्या मुलीला तुम्ही स्वतः त्या होडीत वल्हवायला शिकवलंत तिनंच काय पाप केलं आहे? मी सगळ्या बायकांच्या वतीनं बोलत नाही, तेवढी माझी हिंमत नाही. मी चौथ्या जागेच्या वतीनं बोलते. ती रिकामी राहिली तर पाचवी होडी पुढे सरकेल, आणि पुढच्या वर्षी तिथे आपण होतो हे सांगायला फक्त वुकोता उरेल, आणि तो ते फ्योर्डात सांगेल.

तुम्ही मला हे आधी सांगायला हवं होतं. मला राग आला आहे. तो मी शांतपणे लिहिते आहे, पण तो आहे.

तेताला नमस्कार. गुडघ्याला जपावं.

तुमची,
तोंका

ता. क. त्या हॉटेलच्या व्यवस्थापकांना मी फोन केला होता. होडी विकू नका असं मी कोणालाही म्हणाले नाही, तो तुमचा अधिकार. त्यांनी आपणहून विचारलं की लाकूड कसं आहे, तेव्हा मी खरं सांगितलं की दुसऱ्या फळीला कीड आहे आणि ती मातीत उतरून जिरॅनियमपर्यंत जाईल. त्यांनी सिमेंटच्या कुंड्या मागवल्या. फळी मी बदलून देते.

ता. क. २. आपल्या फादरनाही विचारलं, चौथ्या होडीत मी बसले तर चालेल का. ते म्हणाले, "मी पहिल्या होडीत असतो आणि मागे वळून बघत नाही, मान दुखते." निको म्हणाला, तो त्याची दोरी आपल्या होडीला बांधेल, तुम्ही आरडाओरडा केला नाहीत तर. मी त्याला तुमच्या वतीनं शब्द दिलेला नाही. मला गाणी सगळी येतात. भीती वाटते, हे तेताला सांगू नये.

ता. क. ३. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. निको म्हणतो, वल्ही पडवीत नाहीत. तुम्ही ती पलंगाखाली ठेवली आहेत असा माझा अंदाज आहे. तेवढी बाहेर काढून ठेवावीत. नाहीतर मी निकोची घेईन, त्यातलं एक लांब आणि एक आखूड आहे, आणि होडी सगळ्या गावासमोर गोल गोल फिरेल, आणि ते तुम्हाला खिडकीतून बघावं लागेल. मागच्या फळीवर सुकाणू धरून बसलं तर गुडघा वाकवावा लागत नाही, मी बसून पाहिलं आहे. तुम्ही तिथे बसावं अशी विनंती आहे. नाही बसलात तरी मी दुपारच्या बसनं येते, आणि सूर्य मावळायला लागला की होडी पाण्यात ढकलते, बावीस जुलैला, मंगळवारी.