अर्धा कप

प्रिय लोर्ना,

फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसली असतीस आणि पुढचं माझ्या तोंडून निघालं नसतं. म्हणून लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे.

चॅपलच्या वर्धापनदिनासाठी पाद्रीबाईंनी प्रत्येक जुन्या घराण्याची हकिकत भिंतीवर लावायला मागितली. आपण ट्रोमन्स म्हणजे गावातले जुने खिळेवाले, म्हणून मी हौसेनं लायब्ररीत जाऊन जुन्या खानेसुमारीची, म्हणजे जनगणनेची, पानं उघडली. १८८१ मध्ये आपला खापरपणजोबा ईनक बायकोमुलांसह घरामागच्या भट्टीवर खिळे घडवताना सापडला. १८९१ मध्ये बायको केझियाच्या नावापुढं ‘विधवा’ असं होतं. मी मनातल्या मनात त्याच्यासाठी प्रार्थनाही करून टाकली. पण दफनाची नोंद कुठंच मिळेना. शेवटी त्याच वर्षीच्या वेड्यांच्या इस्पितळाच्या पानावर तो भेटला. पूर्ण नावही नाही, नुसतं ‘ई. टी., खिळेवाला’ आणि आपलं गाव. नवरा जिवंत असताना ती विधवा! आधी तिचा राग आला. मग वाटलं, शेजारपाजाऱ्यांनी विचारायच्या आत बिचारीनं उत्तर देऊन ठेवलं असेल.

१९११ चा खानेसुमारीचा कागद घरच्यांनीच भरायचा होता. त्यात ईनकचा मुलगा जोसाया, आपला पणजोबा, तेव्हा माझ्या आजच्या वयापेक्षाही लहान. पहिली तीन नावं त्यानं लिहिलीत. अक्षरं ओळ सोडून उड्या मारतात, शाईचे डाग पडलेत. चौथ्या नावापासून बायकोचं शांत, गोल अक्षर सुरू होतं. सही मात्र त्याचीच आहे. तिथं निबानं कागद फाटलाय.

मी मेविसआत्याला फोन करून जोसायाच्या हाताबद्दल विचारलं. ती खदखदून हसली. “अरे, अर्धा कप त्याच्यापासूनच तर सुरू झाला! माझी आजी म्हणायची, ह्याला भरून दिला तर निम्मा चहा ह्याची विजारच पिते. मग तुझ्या आजोबांना अर्धा. तुझ्या आईनं तर तुझ्या बापाला तो बांधकामाच्या पायाडावरून पडायच्या आदल्या वर्षापासूनच.” मग तिनं हळूच विचारलं, “का रे बाळा, आज का विचारतोयस?”

आपण त्याला रीत समजत होतो, लोर्ना. घरातल्या पुरुषाला अर्धा कप, संपला की पुन्हा अर्धा. आपल्याला वाटायचं, चहा गरम राहावा म्हणून.

चॅपलमधल्या गेल्या प्रभुभोजनाला त्या चिमुकल्या पेल्यातला द्राक्षरस माझ्या बाहीवर सांडला. शेजारची डोरीन कुजबुजली, “रसेल, प्रभूनं प्यायला दिलाय, कपडे रंगवायला नाही.” मीही हसलो. घरी आल्यावर ग्लेनिसनं चहा दिला, तेव्हा पहिल्यांदा कपाकडं नीट पाहिलं. अर्धाच होता. लग्नानंतरच्या कोणत्या वर्षापासून, ते तिला विचारायचं धाडस झालेलं नाही. ती भरते, मी पितो. झोपताना प्रार्थनेला हात जोडतो, तेव्हा एका हातानं दुसरा गच्च धरून ठेवतो.

डॉक्टर म्हणाले, आधी हातपाय आणि मग डोकंही बिघडवणारा असा आजार बापाकडून मुलांत उतरतो किंवा नाही उतरत, आणि दिसतो तो बहुधा चाळिशी-पन्नाशीत. मंगळवारी रक्त द्यायचंय. माझ्यात निघाला तर तो बाबांकडूनच आला असणार, आणि बाबा तुझेही होते. तुझ्या लेकीचं, टॅम्सिनचं, बाळंतपणही जवळ आलंय. म्हणून विचारतोय, निकाल आला की तुला कळवू, की गप्प राहू? तू म्हणशील तसं करीन. खरं तर मला दोन्हींची भीती वाटते.

आणि आणखी एक. आपल्याकडं लक्ष असायचं ते पुरुषांच्या कपावर. बायका आपला कप आपणच भरून घ्यायच्या, त्यांच्या हाताकडं कुणी पाहिलंच नाही. लोर्ना, तू तुझा कप अजून काठोकाठ भरतेस ना?

तुझाच,
रसेल