एका घरातली दोन मशीनं

आणि दुसरी गोष्ट, ताई, त्याला भंगार म्हणायचं नाही. मागच्या आठवड्यात फोनवर भावोजी ते ऐटीत म्हणाले आणि तूही म्हणालीस (हळू म्हणालीस, पण मी ऐकलं). तुझं कंप्युटरचं मशीन जुनं आहे, मान्य. मी ते तुला कोणाचं तरी वापरलेलं घेऊन दिलं, तेही मान्य. पण जुनं वेगळं आणि भंगार वेगळं. भावोजींचे वडीलही जुनेच आहेत, म्हणून त्यांना कोणी भंगारवाल्याच्या काट्यावर चढवत नाही. हे सगळं मी फोनवरच बोललो असतो, पण तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर, आणि माझं वाक्य अर्ध्यावर आलं की भावोजी त्यात पाय घालतात. कागदात पाय घालता येत नाही, म्हणून हे पत्र.

नमस्कार मागे राहिला, तो आता घे. तुझी मान दुखायची थांबली का? खुर्चीवर उशी घे म्हटलं होतं, घेतली नसशीलच. भावोजींनाही वाकून नमस्कार सांग. साष्टांग घालायचा की नाही ते पत्र संपल्यावर ठरवू. मी ठणठणीत आहे. भिंगरी म्हणायचीस ना मला, ती अजून फिरतेच आहे, फक्त पगारावर फिरते.

तर भावोजींचं म्हणणं असं की घर एक, वायफाय एक, वीज एक, मग त्यांच्या मशीनला अपडेट चहा निवायच्या आत बसतं आणि तुझं मात्र निम्म्यावर जाऊन, हात झटकून, होतं तिथे परत येतं, याचा अर्थ तुझ्या मशीनमध्ये दम नाही. म्हणून महिनाअखेर ते विकून टाकायचं आणि तू तुझं टायपिंग त्यांच्या मशीनवर करायचं, त्यांचे आराखडे काढून झाल्यावर. आता बघ, छापखानेवाला पानं मागतो दुपारी, आणि भावोजी मशीनवरून उठतात त्यांना भूक लागेल तेव्हा. म्हणजे तुझं काम भावोजींच्या पोटावर अवलंबून. चार महिने असं केलंस की छापखानेवाला दुसरी बाई शोधेल आणि भावोजी म्हणतील, बरं झालं, तुला आराम. तो आराम तुला नको आहे हे मला माहीत आहे. त्यामुळे मशीन विकायचं नाही. आधी मी हे अपडेट प्रकरण मुळापासून समजून घ्यायचं ठरवलं, आणि मी एकदा ठरवलं की काय होतं ते तुला ठाऊक आहे (पाण्याच्या टाकीचा विषय काढू नकोस).

मी काही कंप्युटरचा डॉक्टर नाही. नववीत शाळेला रामराम ठोकला तेव्हा शाळेनेच सुटकेचा निःश्वास टाकला. पण आमच्या इथे सोय आहे. खाली दुकानांचे बोर्ड बनवायचा कारखाना, वर मालकांचं घर, आणि दोन्हीला मिळून एकच वायफाय. त्यावर तीन मशीनं. एक मालकीणबाईंचं, बिलं करायला. एक खाली, त्याला अक्षरं कापायचं यंत्र जोडलेलं, ते माझ्या ताब्यात. आणि एक मालकांच्या वडिलांचं, ज्यावर आजोबा बुद्धिबळ खेळतात आणि हरले की वायफायला शिव्या घालतात. या तिघांचंही तुमच्यासारखंच, एक घर आणि तीन तऱ्हा. मी म्हटलं, इथलं कोडं सुटलं की ताईचं सुटलंच.

माझा पहिला अंदाज असा होता की अपडेट म्हणजे टँकरचं पाणी. टँकर घरापाशी येतो, पुढे असेल त्याची घागर भरते, मागचा कोरडा राहतो. मग मी आजोबांचं मशीन पुढे आणायचं ठरवलं. वायफायचा डबा जिन्यातून काढून आजोबांच्या कपाटावर ठेवला, बाकी दोन्ही मशीनं बंद केली आणि आजोबांना म्हटलं, आता सगळी धार तुमचीच. आजोबांच्या मशीनने शांतपणे सांगितलं की नवीन काही नाही. आजोबा म्हणाले, धार कुठाय? खाली मालकीणबाईंचा फोन बंद, बिल बंद, आणि डबा हलवल्यामुळे कारखान्यात नेट येईना. मालकांनी मला विचारलं की हे तू पगारात करतोस की हौसेने. मी हौसेने म्हटलं, त्यामुळे बचावलो.

दुसरा अंदाज असा की तिघांनी एकाच क्षणी मागायला हवं, म्हणजे कोणाला पुढे-मागे नको. (हसू नकोस, तुला तरी माहीत होतं का?) आजोबा वर, मालकीणबाई जिन्याच्या खोलीत, मी खाली. मी शिट्टी मारायची आणि तिघांनी बटण दाबायचं. आजोबांनी शिट्टीच्या आधीच दाबलं, कारण त्यांचा उंट मरायला आला होता आणि त्यांना तो डाव मोडायचाच होता. त्यांच्या मशीनवर आलं, तुमच्यासाठी अजून तयार नाही, थांबा. मालकीणबाईंचं म्हणालं, अपडेट आहे पण आत्ता उतरवत नाही. आणि माझं म्हणालं, उतरवतो, तुम्ही तुमचं काम करा. मी म्हटलं, हा गुणी निघाला. आणि विश्वासाने धोब्याच्या दुकानाचा बोर्ड कापायला लावला.

दुपारी, ऐन कापणीत, त्या गुण्याने कोणाला न विचारता स्वतःला बंद केलं आणि पुन्हा सुरू होत बसला. यंत्र जिथल्या तिथे थांबलं. लाल कागदावर एवढंच कापून झालं होतं: 'इथे कपडे'. पुढचं धुऊन, वाळवून, इस्त्री करून सगळं कोऱ्यात राहिलं. मशीन सुरू झालं तेव्हा ते यंत्राला ओळखच देईना. आणि तेवढ्यात धोबी बोर्ड न्यायला आला. लाल कागद वाचला आणि म्हणाला, "इथे कपडे काय? काढायचे?"

मालकांनी त्याला खुर्ची दिली आणि मला दार दाखवायच्या बेतात होते. पण माझ्या डोक्यात आलं की मालकीणबाईंच्या मशीनने अपडेट घेतलंच नाही, म्हणजे ते अजून कालच्यासारखंच आहे, आणि पूर्वी यंत्र त्यालाच जोडलेलं होतं. ते उचलून खाली आणलं, यंत्राची वायर त्याला लावली, आणि त्याने यंत्राला जुन्या मैत्रिणीसारखं ओळखलं. नवा कागद लावला, बोर्ड पुरा कापला. धोबी गेला. मालक म्हणाले, "कागदाचे पैसे पगारातून नाही कापत. पण उद्या माणूस बोलावतो, तोपर्यंत कशाला हात लावायचा नाही."

माणूस म्हणजे एक बाई आली. पाठीवर पिशवी, पिशवीत तारांचं भेंडोळं. तिने तिन्ही मशीनं बघितली आणि आम्हाला एकत्र बसवून सांगितलं. ते तुला जसंच्या तसं सांगतो, भावोजींना मोठ्याने वाचून दाखव.

वायफाय हा नुसता रस्ता. एकाच रस्त्यावर राहतात म्हणून सगळ्यांची कामं एकाच दिवशी होत नाहीत. प्रत्येक मशीन आपापलं जाऊन कंपनीचं दार वाजवतं. कंपनी बघते, तुझं वय काय, आत कोणते भाग, पोटात जागा किती. आणि अपडेट सगळ्यांना एकदम देत नाही, टप्प्याटप्प्याने सोडते. आजोबांच्या मशीनसारख्या मशीनांना दुसरीकडे कुठे तरी त्या अपडेटने त्रास झाला होता, म्हणून त्यांना थांबवून ठेवलेलं. मालकीणबाईंनी कधी तरी फोनचं नेट वापरताना मशीनला सांगितलं होतं की हे नेट मोजून मिळतं, जपून वापर. तेव्हापासून ते बिचारं घरच्या वायफायवरही जपूनच. आणि माझ्या मशीनला कोणी तरी कामाची वेळ फक्त सकाळची सांगून ठेवलेली, म्हणून दुपारी आपण मोकळे असं समजून त्याने डुलकी काढली. म्हणजे दोष कोणाचाच नाही, ज्याला जे सांगितलं ते त्याने ऐकलं.

आता पुढचं भावोजींनी खुर्चीत बसून ऐकावं. एका घरातली मशीनं एकमेकांना अपडेटचे तुकडे देतात. एकाने बाहेरून आणलं की दुसऱ्याला ते घरातल्या घरात मिळतं. म्हणजे भावोजींच्या मशीनचं जे चहा निवायच्या आत होतं ना, त्यातलं निम्मं तुझ्याच मशीनने आधी वाहून आणलेलं असू शकतं. ओझं हिने वाहायचं आणि शाबासकी त्याने घ्यायची. (मी मशीनबद्दल बोलतोय.)

मग मी बाईला विचारलं, ताईचं मशीन निम्म्यावरून परत का येतं? ती म्हणाली, पोटात जागा नसेल. मला पटेना, तुझी पानं म्हणजे नुसती अक्षरं, ती किती जागा खाणार? म्हणून परवा भावोजी आंघोळीला गेले तेवढ्यात फोनवर तुला आतलं सगळं वाचायला लावलं. आठवतं काय निघालं ते? भावोजींच्या जुन्या आराखड्यांच्या नकला. एका पुलाच्याच चौदा. स्वतःचं मशीन हलकं राहावं म्हणून ते सगळं तुझ्यात कोंबतात आणि मग तुझ्याला दम नाही म्हणतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही दुसऱ्याच्या काखेत. तेव्हा आधी त्यांचं सामान त्यांनी परत न्यावं, मग अपडेट लाव. बसलं नाही तर माझं नाव भिंगरी नाही.

महिनाअखेर गिऱ्हाईक आलं तर त्याला पाणी दे आणि वाटेला लाव.

तुझा धाकटा

ता.क. भावोजींना वाईट वाटलं असेल तर सांग, माणूस चांगला आहे, फक्त स्पीकरवर असतो.

ता.क. दुसरं. कामाची वेळ सकाळ ते संध्याकाळ अशी लावून घे, नाही तर पान टाईप करता करता तुझाही धोबी होईल.

ता.क. तिसरं. हे वेगळ्या कागदावर लिहिलंय, पत्रातून आधीच काढून घे आणि भावोजींना दाखवू नकोस. जागा केलीस की आत्ताचं अपडेट बसेल, त्याबद्दल मी खोटं बोललो नाही. पण तू मशीनमागच्या नाव-नंबराच्या चिठ्ठीचा फोटो पाठवलास तो मी त्या बाईला दाखवला. ती म्हणाली, यानंतरचं मोठं अपडेट या वयाच्या मशीनला कंपनी देणारच नाही, आणि मग छापखान्याची पानं त्यावर ठेवणं धोक्याचं. दोनदा विचारलं, दोनदा तेच म्हणाली. म्हणून जुनं मला पाठवून दे आणि नवीन घे. स्वतःच्या नावाने घे, स्वतःच्या टेबलावर ठेव आणि कुलूपशब्द कोणाला सांगू नकोस. भावोजींनी पैसे कुठून आले विचारलं तर सांग, जुन्या मशीनला पारखी गिऱ्हाईक मिळालं आणि त्याने घासाघीस न करता एवढी किंमत दिली: सव्वीस हजार. पाठवले आहेत.