पाठीमागचा दोर

सोलापूर,
ता. १९ जानेवारी १९३५

सौ. दाक्षायणीअक्कास श्रीमंतचे शरणार्थ.

मी बरा आहे, मामा बरे आहेत, मामींचा खोकला मात्र मुक्कामालाच आला आहे. तू पाठवलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी पोचली. भाकऱ्या मामांनी संपवल्या, चटणी मी लपवून ठेवली आहे. मॅट्रिकचा अभ्यास चालू आहे. गणित सोडून सगळं येतं.

दाजींना एवढं वाचून दाखवलंस तरी पुरे. पुढचं तू एकटीनं वाच.

तुझ्या पत्रात एकच प्रश्न होता. माढ्याच्या रुद्राणीशी माझी सुपारी माघात फोडायची म्हणून अप्पा मैंदर्गीहून तुझ्याकडे अक्कलकोटला येणार, तर माझा होकार त्यांना सांगू का, असा. त्याचं उत्तर शेवटी लिहितो. आधी सिद्धरामांच्या गड्ड्याच्या जत्रेची हकीकत सांगतो, कारण उत्तर तिच्यातच आहे.

यंदा आमच्या आळीतला सिद्धाप्पा पहिल्यांदा नंदीध्वज पेलणार होता. नवी पेठेत त्याच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान आहे. दिवाळीत मी त्याला तुझ्याकडे आणलं होतं आणि त्यानं तुझ्या तांब्याचा पोचा ठोकून सरळ केला होता, तोच. माळवदाच्याही वर जाणारी ती काठी कमरेच्या पट्ट्यात रोवायची आणि एकट्यानं तोलत चालायचं, हे तू लहानपणी पाहिलं आहेस. त्याच्या आजोबांनी पेलली, वडिलांनी पेलली. म्हणून महिनाभर रोज संध्याकाळी आमचा सराव चालला. सरावाच्या काठीला चार दोर बांधून चौघांनी धरायचे. समोरचा दोर माझ्याकडे होता. शिकवणारे तात्याबा म्हातारे आहेत, ते रोज एकच बजावायचे, "दोर धरनाऱ्यानं शेंड्याकडं बघायचं. मानसाकडं बघितलं की काठी गेली."

सरावाच्या शेवटच्या दिवशी काठी गेली. सिद्धाप्पाचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं तो बसवला आणि हात गळ्यात बांधून दिला. जत्रेत त्याच्या जागी दुसऱ्यानं काठी पेलली. कसं झालं म्हणून सगळे विचारत होते. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला की पट्टा सरकला. मीही मान हलवली.

अक्का, पट्टा सरकला नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. वर बघताना त्याच्या कपाळाला एक आठी पडते, ती बघत होतो आणि दोर सैल झाला.

मला तो आवडतो. मित्र आवडतो तसा नव्हे. दाजी यायच्या वेळी तू काही काम नसताना तीनदा दारात जातेस, तसा. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला वाटलं ताप असेल, उतरेल. सोमवार धरले. महिनाभर नवी पेठ टाळून लांबच्या रस्त्यानं शाळेत गेलो. रुद्राणीला पाहिलं तेव्हा तिच्याबद्दल काहीतरी वाटावं म्हणून मनापासून खटपट केली. ती चांगली आहे एवढंच वाटलं. शाळेतली पोरं अशा माणसाला जे म्हणतात त्या शिव्या आहेत. दोन वर्षं मी त्या स्वतःला मनातल्या मनात देत आलो. कुणाशी बोलावं असं माणूस इथे नाही.

अक्षतांच्या दिवशी आम्ही दोघं गर्दीत शेजारी उभे होतो. कुंभाराच्या मुलीची गोष्ट मला तूच सांगितली होतीस. लग्न करीन तर सिद्धरामांशीच म्हणाली, ते पडले योगी, मग त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं, आणि जत्रेतल्या अक्षता त्याच लग्नाच्या. लहानपणी मला ती मुलगी हट्टी वाटायची. या वर्षी वाटली नाही. सिद्धाप्पानं डाव्या हातानं अक्षता टाकल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या टोपीवर पडल्या. मग तो हळूच म्हणाला, "पट्टा सरकला न्हाय, मला ठाऊक हाय की. तू माज्याकडं बघत हुतास."

पळून जावंसं वाटलं, पण गर्दीत पळायला जागा नव्हती.

तो पुढे म्हणाला, "म्या कुनाला सांगनार न्हाय. पर फुडच्या वर्साला माज्या पाठीमागचा दोर धर. समोरचा नगं."

माझ्या मनात आहे ते त्याच्या मनात नाही, हे मला तेव्हाच कळलं. लागलं. दोन दिवस जेवण गेलं नाही, मामींना वाटलं जत्रेतलं काहीतरी खाल्लं. पण तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना लक्षात आलं की त्यानं दोर काही काढून घेतला नाही. ज्याचा खांदा माझ्यामुळे निखळला त्याला मी चालतो, तर मला मी चालायला हरकत नसावी. तेव्हापासून त्या शिव्या बंद आहेत. निदान कालपर्यंत तरी बंद होत्या.

तर उत्तर असं की अप्पांना नाही म्हणून सांग. रुद्राणीत काही खोट नाही. तिच्यासमोर उभा राहून मी जन्मभर दुसरीकडे बघत राहीन, आणि जे कोसळेल ते तिच्यावर. अप्पांना कारण काय द्यायचं ते तू ठरव. मॅट्रिक म्हण, नोकरी म्हण. त्यांना खरं सांगायचं धैर्य माझ्यात अजून नाही. फक्त तुला पट्टा सरकला म्हणून सांगवेना.

आई गेल्यावर तू मला वाढवलंस, म्हणून तुझ्या रागाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. उत्तर आलं नाही तर मी समजेन. आलंच, तर वर नेहमीसारखं 'चि. श्रीमंतास' लिही. बाकी मजकूर काहीही असला तरी मी तेवढं आधी बघणार आहे.

तुझ्या कडेवर वाढलेला, तोच,
श्रीमंत