वाहानच्या कोपऱ्यातला टॉवेल

वेस्टमीड, सिडनी
रविवार, १ ऑगस्ट २०२१

ती. चित्राताईस,

धाकट्या यतिनचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग खरोखर घालून पाहिला, उठताना कंबर धरली. ती का धरली हे पुढे येईलच.)

तुझी तब्येत बरी असेल, भावजींचा खोकला गेला असेल, आणि बाबा आहेत तसे असतील, असं धरून चालतो. इकडे आम्ही तिघंही मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पाच आठवडे झाले, लॉकडाऊन आहे. स्वरदा जेवणाच्या टेबलावर ऑफिस चालवते, मैथिली गादीवर शाळा चालवते, आणि मी रोज हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जाऊन लोकांच्या नाकातल्या काड्या तपासतो. मैथिलीला म्हटलं, आजोबांशी बोल, तर ती ‘हाय आजोबा, आय ॲम गुड’ म्हणून पळते. आपल्या घराण्याची रीत तिने इंग्रजीतून पुढे चालू ठेवली आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. (हाताने लिहून, पानांचे फोटो काढून पाठवतोय. पोस्टाने टाकलं तर दिवाळी अंकासोबत मिळेल.) पण फोनवर आपण दोघं काय बोलतो ते आठव. ‘कसं काय?’ ‘बरंय.’ ‘बाबा?’ ‘बरेच म्हणायचे.’ मग भावजी मागून विचारतात, तिकडे थंडी किती, आणि मी अंश सांगतो. गेल्या रविवारी मात्र तू एकदम विचारलंस की डॉक्टर विचारतायत, डायलिसिस चालू ठेवायचं का. बाबा तर रोज म्हणतात पुरे झालं, आता मला तिकडे नेऊ नका. तू मुलगा आहेस, तू काय ते सांग, असं म्हणालीस. मी म्हटलं, दोन आठवडे थांब, मी येतोच आहे. मे महिन्यात तू हे पहिल्यांदा विचारलंस तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. त्या प्रश्नाकडे मी येणारच आहे, पण मला जरा लांबून यावं लागेल, आणि ती वाट वाहानच्या अंगणातून जाते.

वाहान ग्रिगोरियान तुला नावाने माहीत आहे. आमचा शेजारी, आर्मेनियाचा, सर्वांत हलक्या गटांपैकी एका गटाचा, म्हणजे एकावन्न किलोच्या आतला, माजी जगज्जेता बॉक्सर. आता हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये आडवा दांडा वर-खाली करायच्या खोलीत बसतो. दोन वर्षं माझी गाडी त्या दांड्याखालून जात होती आणि मी त्याला रोज ‘थँक्स मेट’ म्हणत होतो, पण हा जगज्जेता आहे हे मला मागच्या वर्षी वाऱ्याने कुंपण पडलं तेव्हा कळलं. तो हातोडा घेऊन आला, मी खिळे धरले, आणि त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर मला तो पट्टा दिसला. आपल्याकडे पैलवानाला गदा देतात तसा यांच्यात कमरेचा पट्टा देतात. तो आता त्याच्या कमरेला पुरत नाही.

बाबांना हे सांगितलं आणि घोटाळा झाला. तुला ठाऊक आहे, बाबा चौऱ्याहत्तर साली खडकीच्या कारखान्याच्या स्पर्धेत एकच लढत लढले आणि चाळीस सेकंदांत आडवे झाले. त्या चाळीस सेकंदांवर ते आयुष्यभर ‘आम्ही बॉक्सिंगवाले’ असं बहुवचनात बोलत आले. जगात एका गटाचे चार जगज्जेते असतात, चार संघटना, प्रत्येकीचा वेगळा, हे त्यांना समजावायला मला आठवडा लागेल असं वाटलं होतं. पण ते पुण्याचे. लगेच म्हणाले, म्हणजे हा मानाचा तिसरा. त्या दिवसापासून आमचं ठरलं की मी शनिवारी कुंपणापाशी जाऊन वाहानकडून एक लढत ऐकायची आणि रविवारी आमच्या चार वाजता, म्हणजे तुमच्या साडेअकराला, ती बाबांना फोनवर सांगायची.

अशी सव्वा वर्षात त्याची सगळी कारकीर्द झाली. भूकंपात गाव पडलं आणि तालमीचं छप्पर उडालं, तरी त्याच्या वस्तादाने बर्फात पोरांना दोरीच्या उड्या मारायला लावल्या. तेविसाव्या वर्षी इकडे आला, पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात भट्टीपाशी पाळी केली, पाळी सुटली की वॉलॉंगॉंगच्या किनाऱ्यावर पळायचा. वजन उतरवायला लढतीआधी दोन दिवस पाणी बंद, फक्त बर्फाचा खडा जिभेवर. हे ऐकल्यावर बाबांनी तुझ्याकडे बर्फ मागायला सुरुवात केली, ते आठवतंय ना? तू माझ्यावर चिडली होतीस. पण डॉक्टरांनी दिवसाला लिटरभर पाणी ठरवून दिल्यावर तेच कामी आलं. सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिसला जाताना बाबा काट्यावर उभे राहून वजन मोठ्याने जाहीर करायचे. एप्रिलमध्ये कोविड झाला, त्यातून उठले, आणि मला फोनवर म्हणाले, एकोणपन्नास किलो भरलो, आता मी वाहानच्याच गटात. मी हसलो. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो होतो, हे स्वरदालाही ठाऊक नाही.

आता कमरेचं. वाहान म्हणाला, नुसतं ऐकून काय करतोस, दोरी मार. तेव्हा दीड मीटरचं अंतर राखून, कुंपणाच्या त्या बाजूने त्याने शिकवायला आणि या बाजूने मी उड्या मारायला सुरुवात केली. आमच्या अंगणात कपडे वाळत घालायचा एक लोखंडी फिरता खांब आहे, छत्रीच्या काड्यांसारखे हात असलेला. माझी दोरी त्याच्या हाताला अडकली, खांब फिरला, दोन ओल्या चादरी आणि मैथिलीचा गणवेश माझ्या डोक्यावर आला आणि मी पाठीवर पडलो. कुंपणापलीकडून वाहान पंचाच्या आवाजात आकडे मोजायला लागला. मी सहाला उठलो. तो म्हणाला, चांगलं आहे, ताकदीने कोणी उठत नाही, बहुतेक लोक लाजेने उठतात. ही हकिगत ऐकून बाबा इतके हसले की खोकला लागला, तू फोन ओढून घेतलास आणि मला झापलंस.

ते त्यांचं शेवटचं हसणं, मी ऐकलेलं तरी.

मधल्या काळात माझ्या अर्जांचं काय झालं तेही एकदा लिहून टाकतो, म्हणजे दोष कोणाचा ते ठरेल. कोविडपासून इथून देशाबाहेर पडायला सरकारची परवानगी लागते, आणि तिला सबळ कारण लागतं. पहिल्या अर्जाला मी तुझ्याकडून डॉक्टरांचं पत्र मागवलं. तू डॉक्टरांना म्हणालीस, बाबा ते वाचतील, जरा बरं लिहा. डॉक्टर भले. त्यांनी लिहिलं, प्रकृती स्थिर, रुग्ण उत्साही. इकडच्या अधिकारी बाईंनी ते वाचून कळवलं की आपल्या वडिलांची प्रकृती चांगली असल्याचं वाचून आनंद झाला, परवानगी देता येत नाही. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी खरं लिहिलं, तर घाण मी केली. अर्जात ‘आपल्या शब्दांत कारण लिहा’ असा चौकोन होता. मी टाइप केलं, ‘वडील फार दिवसांचे...’, पुढचं ‘नाहीत’ लिहायच्या आत आईचा आवाज कानात आला, अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. (वास्तू भाड्याची असली तरी म्हणत असावी.) मी ते पुसलं आणि लिहिलं, ‘वडिलांना भेटायचं आहे, बाकी सर्व ठीक.’ नकार आठ दिवसांत आला. तिसरा अर्ज केला आहे, दोन आठवड्यांत उत्तर येईल, हे तुला सांगितलंच आहे.

तर उरली वाहानची शेवटची लढत. ती त्याने गेल्या शनिवारी सांगितली, आणि रविवारी मी बाबांना सांगितली नाही. तू फोन बाबांकडे द्यायला निघालीस तेव्हा नेट जातंय म्हणालो आणि ठेवला. नेट व्यवस्थित होतं.

पट्टा जाऊन तीन वर्षं झाली होती. वय चौतीस. टूवूंबाला, शेतकी प्रदर्शनाच्या मैदानातल्या एका शेडमध्ये लढत होती. (जगज्जेत्याची गाडी उतरणीला लागली की अशा स्टेशनांवर थांबते.) त्याच्या कोपऱ्यात नेहमी त्याचा थोरला भाऊ सुरेन असायचा, टॉवेल खांद्यावर टाकून. टॉवेल रिंगमध्ये भिरकावला की लढत थांबली, हार कबूल. तेवढ्यात आई आजारी पडली म्हणून सुरेन आर्मेनियाला गेला होता आणि परतीचा व्हिसा वेळेत झाला नाही. वाहानने एक भाडोत्री माणूस कोपऱ्यात उभा केला आणि बजावलं, टॉवेल टाकायचा तर सुरेनने सांगितल्यावरच, त्याला फोन लावून ठेव. तिसऱ्या फेरीपासून वाहान मार खात होता. दर फेरीनंतर सुरेन तिकडून विचारायचा, कसा आहे? आणि हा माणूस, लांबच्या भावाला कशाला घोर लावायचा म्हणून, सांगायचा, ठीक आहे. सहाव्या फेरीनंतर ठीक आहे. सातव्या फेरीनंतरही ठीक आहे. आठव्या फेरीत वाहानचा डावा डोळा गेला, तो कायमचा.

सुरेन अजून स्वतःला माफ करत नाही, वाहान म्हणाला. मी विचारलं, आणि तू? त्यावर त्याने कुंपणावर हात ठेवला. म्हणाला, सुरेनची चूक नाही, त्या बिचाऱ्या माणसाचीही नाही. टॉवेल जवळच्याच्या खांद्यावर होता आणि हुकूम मी लांबच्याच्या हातात ठेवला, ती माझी चूक. मग त्याने मला त्याच्या झाडाची चार लिंबं दिली आणि आत गेला.

लिंबांचं लोणचं घातलं आहे. मुरतंय. बाकी सर्व ठीक. (हे सवयीने लिहिलं गेलं, आता खोडत नाही.) भावजींना नमस्कार, आणि तुला काय लिहू, तू दोन वर्षं जे केलंस ते मी एक दिवसही केलेलं नाही.

तुझा,
यतिन

ता. क. : तिसरा अर्ज मी केलेलाच नाही, ताई. मे महिन्यापासून तो अर्धवट पडून आहे. तो चौकोन उघडायचा, चार शब्द लिहायचे, पुसायचे, आणि तुला दोन आठवडे सांगायचे. मी आलो असतो तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला बाबांसमोर उभं राहून द्यावं लागलं असतं, म्हणून मी सीमा बंद आहेत याचा आडोसा घेतला. आज सकाळी अर्ज भरला. ‘माझे वडील मरणाच्या दारात आहेत’ असं स्पष्ट लिहिलं. वास्तू काही बोलली नाही.

ता. क. २ : त्या अर्जाच्या उत्तरासाठी थांबू नकोस. काट्यावर त्यांना धरून तू उभी असतेस, मी नाही. उद्या सोमवार आहे, उद्याच त्यांना डायलिसिसला न्यायचं नसेल तर नेऊ नकोस. डॉक्टरांना सांग, यतिनची संमती आहे, आणि त्यांना त्रास होऊ नये म्हणून काय करायचं ते नीट विचारून घे. आणि पुढचंही आत्ताच लिहितो, कारण फोनवर मला जमणार नाही. अग्नी तू दे. कोणी म्हणालं मुलगा यायचाय, थांबा, तर त्यांना हे पान दाखव. मी परवानगी देतोय असं समजू नकोस. परवानगी मुळात तुझीच होती, मी ती इतके महिने उगाच माझ्याकडे धरून बसलो.

ता. क. ३ : बाबा शेवटच्या लढतीचं विचारत असतील. त्यांना सांग, आठव्या फेरीनंतर भावाने जवळ येऊन टॉवेल टाकला. वाहानने हातमोजे काढले, बर्फाचा खडा नको म्हणाला, भांडंभर पाणी प्यायला आणि घरी गेला.